एकतीस तारखेचा आकडा

माझ्या घरात, बाहेरच्या खोलीत, दारासमोरच्या भिंतीवर पत्र्याची एक पाटी आहे. मालडब्याच्या अंगावर रंगवतात तशा पांढऱ्या आकड्यांत तिच्यावर लिहिलंय : २१७४४८३६४७. खाली कोपऱ्यात लहानसा ७. येणारे-जाणारे तो टेलिफोन नंबर समजतात. एका पाहुण्यानं तर तो खिशातल्या डायरीत उतरवूनही घेतला. मी त्याला अडवलं नाही. अडवायचं तर तो आकडा चुकीचा आहे, चूक माझी आहे, हे सांगावं लागलं असतं. आणि ती चूक समजावायची तर अख्खा एक माणूस सांगावा लागतो.

तो माणूस म्हणजे आमचे भाऊ.

गणित घेऊन मी बी.एस्सी.ला दोनदा बसलो आणि दोनदा उठलो. तिसऱ्यांदा बसायची वडिलांची तयारी नव्हती, म्हणून मी रेल्वेत चिकटलो आणि कर्जतच्या यार्डात भाऊंच्या हाताखाली येऊन पडलो. घाट चढायच्या आधी मालगाडी कर्जतला थांबते. मागून ढकलायला इंजिनं जोडतात. तेवढ्या वेळात गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचं आणि प्रत्येक डब्याचा नंबर वहीत उतरवून घ्यायचा, हे आमचं काम. कागदोपत्री आम्ही ट्रेन्स क्लार्क. यार्डात सगळे नंबर टेकर म्हणत. भाऊ अठ्ठावीस वर्षं तेच करत होते. बढती दोनदा आली, दोनदा त्यांनी ती परत पाठवली. कारण विचारलं तर म्हणाले, "वरच्या जागेवर नंबर येतात ते कागदावरनं येतात. मला डबा बगायला लागतो."

मी पहिल्या दिवशी वही घेऊन निघालो तेव्हा त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या.

"डब्याजवळ जायाचं. लांबनं वाचायचा नाय, दुसऱ्याच्या वहीतनं घ्यायचा नाय. आणि लिवला का वाचायचा. सुलट वाचायचा, मग उलट वाचायचा."

"उलट कशाला?"

"आकडे जागा बदलतात, रं. तुला कळत नाय, तुझ्या डोळ्याला कळत नाय, पण ते बदलतात. सुलट वाचताना तू तेच वाचतोस जे तुझ्या डोक्यात हाय. उलट वाचलं का डोक्याला वाट नसते."

मी मान डोलावली. सातवी पास माणूस मला, बी.एस्सी. दोनदा बसलेल्याला, वाचायला शिकवतोय याचं मनातल्या मनात हसूही आलं. दोन महिन्यांत मी ३८६१७ नंबरचा डबा ३८१६७ म्हणून लिहिला. डब्यात कांदे होते. त्यानंतर वीस दिवस कुठल्याशा कचेरीतून पत्रं येत राहिली, की अमुक डबा कर्जतला दिसतो का? आणि मी सुवाच्य अक्षरात उत्तरं देत राहिलो, की सदर नंबरचा डबा येथे नाही. उत्तरं लिहिताना खिडकी लावून घ्यावी लागे, कारण बाहेरच्या सायडिंगच्या रुळावरून कांद्यांचा घमघमाट येई. तो माझाच डबा होता. भाऊ रजेवरून आले, डब्याभोवती एक फेरी मारली आणि मला म्हणाले, "नाक हाय का तुला?" एवढंच. नंतर तो विषय त्यांनी कधी काढला नाही. यार्डातल्या बाकी लोकांनी मात्र मला तेव्हापासून 'कांदा' म्हणूनच हाक मारली.

भाऊंना संख्या माणसांसारख्या दिसत. त्यांच्या लेखी त्यांत दोनच जाती : फुटकी आणि टणक. जी संख्या दुसऱ्या कुठल्या लहान संख्येनं निःशेष भागली जाते ती फुटकी. जी कशानंच जात नाही, शाळेत आपण जिला मूळ संख्या म्हणतो, ती टणक. चालता चालता ते डब्याचा नंबर वाचत, ओठ जरा हलत, आणि नंबर टणक निघाला तर ते डब्याच्या अंगावर हाताचा पंजा हाणत. "धड हाय." मग खिशातला खडू काढून खालच्या कडेला एक बारीक ठिपका.

त्या ठिपक्यांनी एकदा घोळ केला. पुढच्या कुठल्या तरी यार्डात कुणाच्या लक्षात आलं, की काही डब्यांवर कर्जतहून ठिपका येतो. चोरीच्या टोळीची खूण असणार, असं ठरलं आणि रेल्वे पोलिसांचे एक साहेब दोन शिपाई घेऊन आमच्या केबिनमध्ये हजर झाले. भाऊंनी सगळं शांतपणे सांगितलं. साहेबांना ते खरं वाटेना, पण खोटं म्हणावं इतकं सोपंही वाटेना. शेवटी त्यांनी आपल्या छातीवरच्या बिल्ल्याकडे बोट केलं. "हा सांगा बरं."

बिल्ला १५४७.

"फुटका," भाऊ म्हणाले. "सातानं जातो, तेरानं जातो, सतरानं पण जातो. तिघांनी मिळून खाल्लाय त्याला."

साहेब उठले. जाताना दारात थांबून त्यांनी शिपायाला दबक्या आवाजात विचारलं, "तुझा किती रे?"

भाऊ मूळचे लोधिवलीचे. भातशेती भावांकडे, वैनी आणि मुली गावी; ते सहा दिवस कर्जतला स्टेशनमागच्या खोलीत राहत आणि सातव्या दिवशी घरी जात. मी दोन-तीनदा त्यांच्याबरोबर जेवायला गेलो. वैनींनी पहिल्याच खेपेला पानात भात वाढता वाढता मला सांगितलं, "तुमच्या भाऊंना इचारा, आपल्या लग्नाची तारीख कंची. नाय सांगता येनार. पण फुटकी का टणक ते लगेच सांगतील."

"फुटकी," भाऊ जेवणातून मान वर न करता म्हणाले.

"बगा!" वैनी म्हणाल्या. "आणि वर सांगतात."

त्यांच्या कर्जतच्या खोलीत फर्निचर म्हणजे एक खाट, एक स्टोव्ह आणि एक जुनं कॅलेंडर. कॅलेंडर कितीतरी वर्षांपूर्वीचं, कायमचं ऑक्टोबरवर उघडलेलं. ऑक्टोबर का, तर ज्या वर्षी निवृत्त व्हायचं त्या वर्षीच्या ऑक्टोबरच्या एकतीस तारखेला व्हायचं, हे त्यांना नोकरीला लागल्यापासून माहीत होतं. त्या पानावर प्रत्येक तारखेच्या चौकटीत बारीक अक्षरात एकेक आकडा लिहिलेला. मी विचारलं तेव्हा त्यांनी मला खाटेवर बसवलं आणि पेन्सिलीचं टोक एक तारखेवर ठेवलं.

"एक तारखेला दोन. रोज दुप्पट. दोन तारखेला चार, तीनला आठ, चारला सोळा. आता परतेकातनं एक काढून टाक. काय झालं? दोन तारखेला तीन, तीनला सात, चारला पंधरा, पाचला एकतीस."

"बरं."

"आता ह्यातले टणक कुठले ते बग. तीन टणक, सात टणक, पंधरा फुटका, एकतीस टणक." दोन, तीन, पाच, सात, तेरा, सतरा आणि एकोणीस या तारखांना पेन्सिलीचे गोल होते. "अकरा तारखेनं मला फसवलं. वाटलं टणक असंल. तर तेविसानं फुटली. तेवीस तारीख सत्तेचाळिसानं. एकोणतीस तर दोनशे तेहेतिसानं. तीस दिवस निकालात निघाले. ही एक रायली."

एकतीस तारखेच्या चौकटीत मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं : २१४७४८३६४७. दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस.

हा आकडा फुटतो की टणक आहे, एवढंच भाऊंना निवृत्त व्हायच्या आत बघायचं होतं. बस्स. त्यातून काही मिळणार नव्हतं, कुणी विचारणार नव्हतं. ते म्हणत, "महिना अर्धा टाकून जाऊ का काय?"

बघायचं कसं, तर भागून. शेहेचाळीस हजार तीनशे चाळीसच्या पुढं जायची गरज नाही, कारण त्या संख्येला तिनंच गुणलं की आपला आकडा जवळजवळ येतो. फुटायचाच असेल तर त्याच्या आतल्याच कुठल्या तरी टणक संख्येनं फुटेल. अशा टणक संख्या किती? चार हजार सातशे ब्याण्णव. जुन्या नंबर-बुकांच्या पाठकोऱ्या कागदांवर त्यांनी स्वतः त्यांची यादी केली होती. आठ वर्षं ते रोज एक-दोन भागाकार करत होते. मालगाडी सिग्नलला अडकली की एखादा जास्त. प्रत्येक ओळीत भाजक, भागाकार, बाकी आणि शेवटी ताळा.

ताळा नवाचा. जुन्या शाळेत शिकवायचे तो. संख्येतले आकडे मिळवत जायचे, एक आकडा उरेपर्यंत. भाऊंच्या आकड्याची बेरीज शेहेचाळीस, मग दहा, मग एक. भाजक आणि भागाकार यांचंही असंच करायचं, त्यांचा गुणाकार करायचा, त्यात बाकी मिळवायची; शेवटी एक उरला पाहिजे. एक उरला की हिशेब बरोबर. त्यांच्या वह्यांतल्या प्रत्येक ओळीच्या शेवटी एक होता. पानंच्या पानं उजव्या कडेला एकांची उभी रांग, यार्डातल्या खांबांसारखी.

निवृत्तीच्या वर्षी मे महिन्यात भाऊंच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. पनवेलच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. त्या काळी त्यानंतर दीड-दोन महिने डोळ्यांना ताण द्यायचा नसे. भाऊ चाळीस हजारापर्यंत येऊन पोचले होते. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी मला यादीचा एक ताव दिला : चाळीस हजार ते एकेचाळीस हजार यांच्यामधल्या टणक संख्या. शंभराला थोड्या कमी.

"माझं तेवढं करून ठेव. मी आलो का फुडचं बगतो."

मला कोण अभिमान वाटला! आठ वर्षांत त्यांनी त्या कामाला कुणाला हात लावू दिला नव्हता. मी नवी वही आणली, त्यांच्या खोलीत गेलो, खाटेवर चढून कॅलेंडरवरून आकडा उतरवून घेतला. खाली रस्त्यावरून कुणीतरी 'कांदा, गाडी लागली' म्हणून ओरडत होतं. मी वही मिटली आणि पळालो.

अर्धा पावसाळा मी भागाकार केले. मन लावून केले. कॉलेजात केलं असतं तर आज ही गोष्ट सांगायला मी कर्जतला नसतो. एकाही ओळीत बाकी शून्य आली नाही, प्रत्येक ओळीला ताळा जुळला, शेवटी एक. भाऊ जाड भिंगांचा चष्मा लावून परतले, वही डोळ्यांशी धरून त्यांनी सगळे ताळे पुन्हा घेतले. मग वही मिटून मला म्हणाले, "येक बी चूक नाय." त्यांच्याकडून एवढं ऐकणारा मी यार्डातला पहिला माणूस.

ऑगस्टपासून ते रोज पाच-सहा भागाकार करू लागले. चष्म्यानं सगळ्या गोष्टी जवळ आणि मोठ्या दिसायच्या. जमिनीवर पाय टाकताना ते विहिरीत उतरल्यासारखे टाकायचे. पण ऑक्टोबरच्या विसाव्या तारखेला शेवटची संख्या, शेहेचाळीस हजार तीनशे सदतीस, संपली. बाकी एकेचाळीस हजार सातशे एकोणीस. ताळा एक. आकडा कुठंही फुटला नव्हता. मी म्हटलं, "भाऊ, गोल करा आता." ते म्हणाले, "येकतीस तारखेला. ज्याच्या त्याच्या दिवशी."

निरोपाच्या समारंभात शाल-नारळ तर असतोच. मला वाटलं आपण काही वेगळं द्यावं. यार्डात डब्यांवर नंबर रंगवणारा एक पेंटर होता. त्याला मी पत्र्याची पाटी दिली आणि चिठ्ठीवर आकडा लिहून दिला. म्हटलं, डब्यावर काढतोस तसा काढ. दोन दिवसांनी पाटी आली. सुरेख. मी ती भाऊंच्या खोलीत नेली, ते गाडीवर होते, म्हटलं कॅलेंडरशेजारी कशी दिसेल ते बघावं.

कॅलेंडरवर २१४७. पाटीवर २१७४.

मी तसाच पेंटरकडे गेलो. चार लोकांसमोर त्याला झापला. एक आकडा धड काढता येत नाही, माणसाची आठ वर्षांची मेहनत, आणि काय काय. त्यानं ब्रश रॉकेलमध्ये बुडवला, हात पुसले, खिशातून चिठ्ठी काढली.

"सायेब, ही बगा. अक्षर कुणाचं हाय?"

माझं होतं.

"मी नाय चुकत. नंबर चुकला तर माझी भाकरी जाते. तुमचं काय जातं?" मग बाकीच्यांकडे बघून, "कांदा तो कांदाच."

चिठ्ठी मी माझ्या वहीवरून लिहिली होती. वही उघडली. पहिल्याच पानावर, वर, रेघ मारून : २१७४४८३६४७. खाटेवर चढून, खालून हाका येत असताना, सुलट वाचून उतरवलेला. उलट न वाचलेला. सात आणि चार यांनी जागा बदलली होती आणि मी अर्धा पावसाळा भलत्याच आकड्याला भागत बसलो होतो. आणि ताळा? ताळा जुळणारच! आकड्यांनी जागा बदलली तरी बेरीज तीच. नवाचा ताळा पुष्कळ चुका पकडतो, ही मात्र पकडत नाही. म्हणूनच तर तो माणूस मला पहिल्या दिवसापासून उलट वाच, उलट वाच म्हणून सांगत होता.

म्हणजे चाळीस ते एकेचाळीस हजारांमधल्या एकाही संख्येनं भाऊंच्या आकड्याला भागून बघितलं गेलंच नव्हतं. त्यांतल्या एखादीनं तो फुटत असला तर? आणि भाऊ एकतीस तारखेला त्याच्याभोवती गोल करणार. पाच दिवस उरले होते.

मी एक दिवसाची रजा टाकली आणि पुण्याला माझ्या जुन्या कॉलेजात गेलो. मला दोनदा नापास करणाऱ्या बाई अजून तिथं होत्या. त्यांनी मला ओळखलं, हे मला आवडलं नाही. मी आकडा सांगितला, या वेळी उलटसुद्धा.

"मूळ संख्या आहे," त्या लगेच म्हणाल्या. "दोनशे वर्षांपूर्वीच सिद्ध झालंय. परदेशातल्या एका मोठ्या गणितज्ञानं केलं. तुम्ही काय केलंत?"

"भागाकार."

"किती?"

"चार हजार सातशे ब्याण्णव. त्यातले जवळजवळ शंभर चुकीचे."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "चौऱ्याऐंशी पुरले असते." त्यांनी कागदावर लिहून दाखवलं : असल्या आकड्याला कुणी फोडलंच तर ते अशाच संख्येनं, जिला तारखेनं, म्हणजे एकतिसानं, भागल्यावर एक उरतो, शिवाय आठानं भागल्यावर एक किंवा सात. बाकीच्यांकडे बघायचंच नाही. कागद माझ्या हातात देताना त्या म्हणाल्या, "तो गणितज्ञ तेव्हा जवळजवळ आंधळा झाला होता. डोक्यात केलं त्यानं सगळं."

परतीच्या वाटेवर माझ्या मनात काय आलं ते लिहायला हरकत नाही, कारण आता ते वाचायला भाऊ नाहीत. मनात आलं, गप्प बसावं. आकडा टणकच आहे. भाऊ गोल करतील तो बरोबरच असेल. पाटी पेंटरकडून नीट करून घ्यावी, वहीचं पहिलं पान फाडावं. कांद्यांचा डबा शेवटी मिळाला होताच ना! खंडाळ्यापर्यंत हा विचार मला फार शहाणपणाचा वाटला. घाट उतरताना गाडीचा वेग कमी होतो. समोरच्या रुळावर मालगाडी चढत होती, आणि मी सवयीनं डब्यांचे नंबर वाचत होतो. सुलट. मग उलट. कर्जत येईपर्यंत ते थांबेना.

भाऊ केबिनमध्ये कंदिलाची काच पुसत होते. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. वही, खाट, पाटी, पेंटर, बाई, दोनशे वर्षं, चौऱ्याऐंशी. एका दमात, कारण मध्ये थांबलो असतो तर पुढचं गाळलं असतं.

त्यांनी काच खाली ठेवली. मग विचारलं, "तू लिवलास तो कंचा आकडा?"

"दोन, एक, सात, चार, चार, आठ, तीन, सहा, चार, सात."

त्यांचे ओठ हलले. एकदा, दोनदा. आणि मग भाऊ हसायला लागले. यार्डातल्या माझ्या सहा वर्षांत मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. चष्मा काढून ते डोळे पुसायला लागले.

"अरं, हा सातानं जातो!"

"काय?"

"सातानं फुटतो, रं! एकतीस कोटी सहा लाख चाळीस हजार पाचशे एकवीस. बाकी शून्य. तू चाळीस-चाळीस हजारांचे घण घातलेस आणि हा सातानं फुटणारा! मडकं होतं ते, मडकं!"

हसू ओसरल्यावर ते म्हणाले, "माझी पण चूक हाय. मी ताळे बगितले. डब्याजवळ गेलो नाय. तुझ्या कागदावरनं घेतलं."

"पण भाऊ, आकडा टणक आहे हे ठरलेलंच आहे. दोनशे वर्षांपूर्वीच."

"त्यानं सोता भागून बगितलं का?"

"हो. म्हणजे डोक्यात. तोवर दिसत नव्हतं म्हणे त्याला."

भाऊंनी चष्मा परत लावला. काच उचलली, पुन्हा पुसायला लागले.

"मग लिवून कुणी घेतलं?"

हा प्रश्न मी बाईंना विचारला नव्हता. मला सुचलाच नव्हता.

"माहीत नाही."

"कोणतरी असंल ना? दिसत नाय म्हटल्यावर." मग माझ्याकडे तिरकं बघत, "तुझ्यापेक्षा बरा व्हता म्हणायचा."

बाईंचा कागद त्यांनी नीट वाचला. अकरा तारीख तेविसानं का फुटली, तेवीस तारीख सत्तेचाळिसानं का, ते त्यांना तिथल्या तिथं उमगलं. "अकराची दुप्पट बावीस, वर एक. तेविसाची दुप्पट, वर एक. समोर होतं की माझ्या!" मग माझ्या शंभरातल्या किती कामाच्या ते त्यांनी तासाभरात शोधलं. दोन. चाळीस हजार एकशे सत्त्याहत्तर आणि चाळीस हजार चारशे सत्त्याऐंशी. "आधी हे दोन पावणे बगू." बघितले. दोन्हीकडे बाकी उरली. दोन्ही ताळे एक.

"झालं," मी म्हटलं. "बाकीच्यांची आता गरज नाही."

"गरज नाय," भाऊ म्हणाले, "पण वहीत खोटं हाय."

मग तीन दिवस आम्ही तेच केलं. मी भागायचो, प्रत्येक आकडा मोठ्यानं सुलट आणि उलट वाचायचो. भाऊ डोळे मिटून ऐकायचे आणि ताळा सांगायचे. चहावाला पोऱ्या कप ठेवताना म्हणाला, "हे भजन कंच्या देवाचं?" भाऊ म्हणाले, "टणक देवाचं. पळ."

एकतीस तारखेला पाच वाजता समारंभ होता. साहेब लोक आले, शाल आली, नारळ आला, लोधिवलीहून वैनी टेंपोतून आल्या, भाऊ नव्हते. त्यांना शोधायला मला पाठवायचं ठरलं, पण मीही नव्हतो. आम्ही त्यांच्या खोलीत होतो. शेवटची ओळ चालू होती. चाळीस हजार नऊशे त्र्याण्णव. भागाकार बावन्न हजार तीनशे शहाऐंशी, बाकी चोवीस हजार तीनशे एकोणपन्नास.

"ताळा?"

"सात सख बेचाळीस, सहा. सहा नि चार दहा. एक."

पाटी कोपऱ्यात टेकून ठेवली होती. नीट करून आणायची मी लाजेनं विसरलोच होतो. भाऊंनी ती उचलली, डोळ्यांशी धरली, खिशातल्या खडूनं कोपऱ्यात लहानसा ७ काढला आणि माझ्या हातात दिली. "ही तुला. घरात लाव." पुढं पेंटरनं त्या ७ वर रंग फिरवून तो पक्का केला, तेही मला न विचारता.

मग त्यांनी पेन्सिल घेतली. कॅलेंडरजवळ गेले. नाक जवळजवळ कागदाला लागलं, तरी चौकटीतली अक्षरं त्यांना नीट लागत नव्हती, हे मला दिसत होतं. पेन्सिल तशीच धरून ते म्हणाले, "वाच."

मी खाटेवर चढलो. "दोन, एक, चार, सात, चार, आठ, तीन, सहा, चार, सात."

"उलट."

खालून वैनींची हाक आली. मी पळालो नाही.

"सात. चार. सहा. तीन. आठ. चार. सात. चार. एक. दोन."

भाऊंनी एकतीस तारखेभोवती गोल केला. सावकाश, टोकाला टोक जुळवून. पंजा उचलून त्यांनी भिंतीवर एक हाणला, चुन्याचे पोपडे पडले.

मी वही मिटली, पाटी काखेत मारली, दार उघडलं. भाऊ अजून कॅलेंडरपाशीच होते. त्यांनी ऑक्टोबरचं पान उचलून मागचं सप्टेंबरचं बघितलं. कोरं होतं.

"सप्टेंबराचे तीस," ते म्हणाले, "आणि हे एकतीस. येकसष्ट दिवस होतात, रं. रोज दुप्पट."

"भाऊ, टेंपो थांबलाय."

"थांबूंदे," भाऊ म्हणाले. "तू जरा खाटेवर चढ."